कॅबिनेटवरचा कलश

"बॅकअप आहे" असं माझ्यासमोर कुणी म्हटलं ना, की माझं डोकं अजून तापतं. कुणीही म्हणो. बँकेतली मुलगी म्हणो, सोसायटीचा सेक्रेटरी म्हणो, नाहीतर मोबाईलमधल्या फोटोंबद्दल माझी सून म्हणो. मी लगेच विचारते, "कुठे आहे? शेवटचा कधी घेतलास? उघडून बघितलास का?" सून म्हणते, "आई, तुम्ही अगदी चौकीत बसल्यासारखं विचारता." विचारते. माझ्यासारखं ज्याचं झालंय त्याने विचारावंच.

झालं काय ते पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारी उगाच तडतडते.

परळला आमचं एक मंडळ आहे. एका जुन्या सभागृहाच्या माडीवर दोन खोल्या, एक गोदरेजचं कपाट, एक कॉम्प्युटर. काम काय, तर गिरणगावातल्या म्हाताऱ्या बायकांचे आवाज साठवायचे. त्यांच्या ओव्या, लग्नातली गाणी, संपातल्या आठवणी, कुठल्या चाळीत पाण्यावरून कुणाचं कुणाशी भांडण झालं, सगळं. ही कल्पना माझी नव्हे, मंडळाचीच. पण चाळी चाळीत फिरून बोलतं कोण करणार? बाया शिकलेल्या माणसासमोर पदर सारखा करून गप्प बसतात. मी गेले की चहा टाकतात आणि सुरू होतात. म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

माझं शिक्षण म्हणाल तर शाळा अर्धवट सुटलेली. कॉम्प्युटर मी साठीला टेकल्यावर शिकले, तेही बटणं दाबून दाबून. काय होईल, फार तर बंद पडेल, असं म्हणत. मग मंडळात डेटाबेस आला. डेटाबेस म्हणजे काय ते मला एका मुलीने समजावलं आणि मला ते पटकन कळलं, कारण ते खानावळीसारखंच आहे. भांडी एकीकडे आणि कुठल्या भांड्यात काय आहे हे माहीत असणारी मालकीण दुसरीकडे. आवाजाच्या फायली म्हणजे भांडी. कुठली फाईल कुणाची, कुठल्या चाळीतली, गाव कुठलं, काय सांगितलं, हे ज्याला ठाऊक तो डेटाबेस. मालकीण आजारी पडली की भांडी असून उपयोग नाही. झाकणं उघडून हुंगत बसा.

खानावळीचं उदाहरण मला सुचलं ते माझ्या शेजारणीमुळे. लालबागच्या आमच्या चाळीत एकाच गॅलरीत आम्ही दोघी लग्न होऊन आलो. ती मालवणकडची, मी घाटावरची. तिची खानावळ होती. गिरणीतून सुटलेली पोरं तिच्याकडे जेवायची आणि तिच्या शिव्याही खायची. आवाज असा, की तळमजल्यावर नळ उघडा राहिला तर ही तिसऱ्या मजल्यावरून बंद करायला लावायची. हातात काही नाही, नुसत्या आवाजावर.

त्याच गळ्यात गाठ निघाली.

डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. बोलणं जाईल, जीव राहील. तिने सरळ नाही म्हटलं. मुलगा रडला, सून पाया पडली, हिचं आपलं नाही. एका दुपारी मी तिच्याकडे गेले तेव्हा ती उंबऱ्यात बसून कोलीम, म्हणजे जवळ्यासारखी बारीक सुकी मासळी, निवडत होती. वर न बघता म्हणाली, "गो बाय, गळो कापलो तर माजो आवाज खंय जातलो?"

मी म्हटलं, "कुठे जाईल?"

"मी जित्ती आसतानाच माजो आवाज मरतलो. मगे मी ऱ्हवान काय करू? भांड्यासारखी बसान ऱ्हवू?"

मला तिथेच सुचलं. मी म्हटलं, "अगं, तुझा आवाज आपण आधी साठवून घेऊ. सगळा. गाणी, शिव्या, मसाला, जे असेल ते. तू कधीही लाव आणि ऐक. नातवंडांना ऐकव. तो कुठेही जाणार नाही."

ती हसली. पण दुसऱ्या दिवशी पदर खोचून तयार. आणि काय दिलं हो त्या बाईने! आईकडून आलेली लग्नातली गाणी, दुसऱ्या कुणाला येत नाहीत अशी. संपात खानावळीची चूल विझू दिली नाही ती सगळी हकिकत. खंडीभर शिव्यांचे अर्थ सांगताना तर मीच मशीन बंद करायच्या बेतात होते. मग मसाल्याचा दिवस. वर्षाचा मालवणी मसाला करायचा होता, मिरच्या गॅलरीत वाळत होत्या, आणि ती एकेक जिन्नस भाजत बोलत होती. त्या दिवशी आमचे कार्यवाहही आले होते, मंडळाच्या अहवालासाठी फोटो काढायला.

ऑपरेशनच्या आधी तिने मला परत विचारलं, "तुज्याकडे आसा मा तो? नक्की?"

मी कार्यवाहांना विचारलं होतं. एकदा नव्हे, प्रत्येक बैठकीला. दर वेळी तेच उत्तर, हात वर करून, आशीर्वाद दिल्यासारखं, "ताई, बॅकअप आहे." त्या भरवशावर मी माझ्या मैत्रिणीला सांगितलं, "आहे. नक्की आहे."

ती म्हणाली, "मग कापूंदेत."

आता बॅकअपचं सांगते. मंडळाने डिस्क घेतली तेव्हा मीच भांडून एक नियम करून घेतला होता. डिस्क ऑफिसात ठेवायची नाही. चाळीत आम्ही विरजण कसं ठेवतो? आपलं दही नासलं, मांजरीने पाडलं, तर शेजारी वाटी घेऊन जायचं. माझ्याच घरात चार वाट्या लावून ठेवल्या आणि घरालाच आग लागली तर काय उपयोग? कॉपी दुसऱ्या घरी झोपली पाहिजे. म्हणून डिस्क दादरला कार्यवाहांच्या घरी, त्यांच्या कपाटात. दर शनिवारी ते ती पिशवीतून घेऊन यायचे, कॉम्प्युटरला जोडायचे, नवीन ते उतरवायचे, आणि परत घरी. मोठे साहेब होते ते नोकरीत. निवृत्त झाल्यावरही इस्त्रीचा झब्बा, पेन खिशाला. असा माणूस डिस्क आणतो, नेतो, म्हणजे काम चोख असणार असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. बैठकीत त्यांच्या पिशवीकडे बघूनच आम्ही निश्चिंत व्हायचो.

ऑपरेशन झालं ते दसऱ्याच्या तोंडावर. खंडेनवमीला मी परळच्या हॉस्पिटलात तिच्या उशाशी होते. गळ्याला बँडेज, नळ्या. शुद्धीवर आल्यावर तिने पहिला हात गळ्याकडे नेला, मग बोट माझ्याकडे केलं आणि भुवया वर केल्या. विचारत होती, तुझ्याकडे आहे ना? मी मान हलवली. ती झोपली.

आणि तिथून दहा मिनिटांच्या चालीवर, आमच्या मंडळाच्या माडीवर, त्याच वेळी शस्त्रपूजा चालली होती.

पूजेला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लोक विषय तिकडे नेतात. आम्ही गिरणीवाल्यांची पोरं. माझे वडील साचेखात्यात होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. खंडेनवमीला साच्याला झेंडूचं फूल असायचं, कुंकवाचं बोट असायचं. मी लहानपणी बघायला गेलेय. पण वडील कुंकू तेलात कालवून न्यायचे. पाण्यातलं नाही. मी विचारलं होतं, तर म्हणाले, "पाण्याने गंजेल की गं." आदल्या दिवशी साचा पुसायचा, बारीक तंतू काढायचे, तेल घालायचं आणि मग फूल वाहायचं. मशीनला सांभाळणं ही पूजेचीच पहिली पायरी होती त्या माणसांची.

आमच्या मंडळातल्या विद्वानांनी काय केलं? पाटावर कॉम्प्युटरचा कॅबिनेट ठेवला. कार्यवाहांना वाटलं, सगळी आयुधं एकत्र पूजली पाहिजेत. म्हणून दादरहून बॅकअपची डिस्कही आणली आणि ताम्हनात ठेवली, बाळकृष्ण ठेवावा तशी, तुळशीपत्र वाहून. म्हणजे जो नियम मी भांडून करून घेतला, तो मोडायला त्यांनी नेमका हा दिवस निवडला. दोन्ही कॉप्या एका खोलीत, एका पाटावर. आणि मग प्रश्न आला, कलश कुठे ठेवायचा? कलश उंचावर हवा. खोलीत पाटावर सगळ्यात उंच काय? कॅबिनेट.

पाण्याने भरलेला तांब्या, वर आंब्याची पानं, वर नारळ, तो कॅबिनेटवर. आणि त्या कॅबिनेटला वरच्या बाजूला जाळी, आतली गरम हवा जायला.

आरतीत माणसं घोळका करून उभी. टाळ्या, घंटा, कुणाचा तरी कोपर लागला. कलश कलंडला. हे मला नंतर खजिनदार बाईंनी सांगितलं, जीभ चावत. पाणी जाळीतून आत गेलं. कुणीतरी नॅपकिनने वरून पुसलं. आणि कुणीतरी म्हणालं, "असू दे, कलशाचं पाणी आहे, शुभच असतं."

बरं, तेव्हाच उघडून बघितलं असतं, वाळवलं असतं, तरी निभावलं असतं. पण त्या दिवशी हत्याराला कामाला लावायचं नाही, हात लावायचा नाही, असा आपला रिवाज. तो मात्र कडक पाळला. पाणी आतच राहिलं. दसरा झाला, मग एकदम ऑफिस उघडल्यावर कार्यवाहांनी बटण दाबलं. टप्प असा आवाज झाला आणि जळल्याचा वास आला. तेव्हा तरी थांबावं! नाही. घरून हेअर ड्रायर मागवला, जाळीतून गरम वारा मारला, आणि परत दाबलं. परत दाबलं. आतून कर्र कर्र आवाज येत होता म्हणे. तरी दाबतायत.

मला फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये होते. कार्यवाह म्हणाले, "ताई, कॉम्प्युटर थोडा बिघडला आहे. पण काळजी नसावी, बॅकअप आहे."

मी तशीच उठून मंडळात गेले. डिस्क ताम्हनातून काढून पुसून ठेवली होती, कडेला कुंकवाचा डाग. खजिनदार बाईंच्या लॅपटॉपला जोडली. चालू झाली! खोलीत सगळ्यांनी हुश्श केलं, कार्यवाहांनी माझ्याकडे असं बघितलं की बघा, सांगत नव्हतो? मी शोधलं. जुन्या सगळ्या बाया होत्या. डिलाईल रोडची, काळाचौकीची, वरळीच्या बीडीडी चाळीतल्या त्या दोघी जावा. पण माझी शेजारीण नाही. पुन्हा शोधलं. तिच्या आधीच्याही काही नाहीत. मग शेवटची तारीख बघितली. वर्षभरापूर्वीची.

वर्षभर त्या डिस्कवर काही गेलंच नव्हतं.

मी विचारलं, "दर शनिवारी तुम्ही काय करत होता?"

"बॅकअप घेत होतो," कार्यवाह म्हणाले.

"मग हे काय?"

ते चष्मा पुसायला लागले. मग म्हणाले, "एक सूचना यायची खरी. इंग्रजीत. मध्येच चौकट यायची."

"काय लिहिलेलं असायचं?"

"डिस्क फुल वगैरे. मग खाली ओके असायचं. ते दाबलं की चौकट जायची."

"आणि तुम्ही ओके दाबायचा."

"ते दाबल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, ताई."

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. माझ्या शेजारणीकडून जे शिकले होते ते सगळं त्या दिवशी कामी आलं. एवढंच सांगते की सभागृहात खाली योगाचा वर्ग चालू होता, तो थांबला. माणूस इंग्रजीत नोकरी करून निवृत्त झालेला आहे, हे लक्षात घ्या. डिस्क भरली म्हणजे काय, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पिशवी आणायची, वायर जोडायची, ओके दाबायचं, पिशवी न्यायची, ह्याची पूजा झाली होती. उघडून एक आवाज ऐकावा, एक, असं वर्षभरात एकदाही वाटलं नाही. आणि दर बैठकीत आशीर्वादाचा हात!

ते म्हणाले, "ताई, आपण भावनिक होता आहात."

मी म्हटलं, "होय, होते आहे. तिने ह्या डिस्कच्या भरवशावर गळा कापून घेतलाय. तुम्ही जाऊन तिला सांगा भावनिक होऊ नकोस म्हणून."

कुणी गेलं नाही. मीच सांगितलं. ती घरी आल्यावर, तिच्याच खोलीत. आधी सांगण्यात अर्थ नव्हता, टाके ताजे होते. ती ऐकत होती. मला वाटलं रडेल. तिने शेजारचा स्टीलचा डबा उचलला आणि भिंतीवर मारला. पोचा पडला डब्याला. मग दुसरा उचलला. मी धरला नाही तिचा हात. पूर्वी ती ओरडली असती, पार गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असतं. आता तेवढा डब्याचाच आवाज.

कॅबिनेट मी स्वतः टॅक्सीत मांडीवर घेऊन लॅमिंग्टन रोडला गेले. तिथे अशी कामं करणारी एक बाई आहे, गिरगावातल्या वाडीतली ख्रिस्ती, इंजिनियर, केस आखूड, जीभ माझ्यापेक्षा धारदार. तिने झाकण उघडलं आणि आत बघून थांबली.

"आंटी, हे काय आहे?"

"काय?"

"हळद आहे का? आणि हे पान?"

जाळीतून आत गेलेला आंब्याच्या पानाचा तुकडा होता. वाळलेला.

मी सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "पाण्याने मेली नाय ही आतली डिस्क. पाण्याने फक्त बोर्ड गेला, तो मी दुसरा लावला असता, अर्ध्या दिवसाचं काम. ओली असताना चालू कोणी केली? आणि आवाज आल्यावर परत परत कोणी दाबलं? आतमध्ये चरे पडलेत ना आता."

"एका साहेबांनी."

"त्यांना सांगा, पुढच्या वेळेला बिघडली की हात मागे बांधून उभं राहायचं. लोकांना वाटतं अजून एकदा दाबून बघू. त्या एकदामध्येच सगळं जातं."

मी तिला विचारलं, मिळेल का? ती गोड बोलणाऱ्यातली नव्हती, आणि मला तेच बरं वाटलं. म्हणाली, "जिथे चरे नाय तिथलं मिळेल. कुठे चरे नाय ते तुमचं नशीब. आणि डेटाबेस तर मधूनच तुटलाय, तो उभा राहणार नाय. जे आवाज निघतील त्यांना नाव नसेल, गाव नसेल, नुसता नंबर. कोणाचं कुठलं ते तुम्हीच ओळखायचं."

म्हणजे तेच. मालकीण गेली, भांडी राहिली, तीही काही फुटकी. वर्षभराच्या कामाचं हे झालं होतं, फक्त माझ्या शेजारणीचं नव्हे. बऱ्याच बाया होत्या त्यात, आणि त्यातल्या काही आता ह्या जगातही नाहीत.

खर्च मंडळाने केला. कसा नाही करणार, मी दारात बसून होते.

दिवाळी होऊन गेल्यावर लॅमिंग्टन रोडच्या त्या बाईने मला एका नव्या डिस्कवर जे मिळालं ते दिलं. नुसत्या नंबरांची रांग. मी ते घेऊन शेजारणीकडे गेले. मुलाचा तो गोल स्पीकर लावला, आणि दुपारची जेवणं झाली की आम्ही दोघी ऐकायला बसायला लागलो. एक फाईल लावायची, ऐकायची, कोण ते ठरवायचं. काही मध्येच तुटायच्या. एखादी बाई सांगत असायची, "आणि मग माझ्या सासूने काय केलं," आणि खर्रर्र. सासूने काय केलं ते गेलंच. अशा वेळी मी त्या कार्यवाहांना काय काय म्हटलंय ते आमच्या गॅलरीला पाठ आहे.

पण ओळखायला ती पटाईत. आवाज आला की लगेच खुणा. एकीसाठी पाय ओढत चालून दाखवायची. एकीसाठी नाकातली नथ. एकीसाठी नवऱ्याचे दारू पिऊन झोकांडे. मी नाव घ्यायचे, बरोबर असेल तर ती पेल्यावर अंगठी एकदा वाजवायची, चूक असेल तर दोनदा. मी मोबाईलवर नाव टाकत जायचे. अर्धी चाळ तिने अशी परत मिळवून दिली. दुसऱ्यांचे आवाज. स्वतःचा नाही. रोज वाटायचं आज लागेल, आणि नाही. तिची लग्नातली गाणी नाहीत. संप नाही. शिव्यांचे अर्थ नाहीत. मला तर ऐकायची भीतीच बसली होती, रांग संपत आली होती. ती मात्र नवी फाईल लागली की मान पुढे करून बसायची, दारात कुणी येणार असल्यासारखी.

मग एका दुपारी एक फाईल लागली. आधी नुसती भाजल्याची चरचर. मिरचीची. मग कुणीतरी खोकलं, तो माझाच खोकला. आणि मग ती.

"हात लाव नको! हात लाव नको म्हणतंय तुका! ओल्या हातान मसाल्याक हात घालतंस? आवशीन शिकवल्यान नाय काय तुका? वर्साचो मसालो तो, पावनो म्हणान इलंस तर आंगठो बुडवन बघतंस! बुरशी इली तर वर्सभर काय माती खातलंस? हात पूस आदी, मेल्या!"

आणि मागून एक पुरुषी आवाज, गांगरलेला, "अहो, नाही, मी फक्त वास..."

कार्यवाह. मसाल्याच्या दिवशी फोटो काढायला आलेले. हात धुऊन तसेच आले होते आणि परातीत अंगठा घातला होता. मी विसरूनच गेले होते.

मी तिच्याकडे बघितलं. ती हलली नाही. डोळे स्पीकरवर. मग अंगठी वाजली. एकदा. मी म्हटलं, "होय, तूच." तिने परत वाजवलं, म्हणजे परत लाव. मी लावलं. परत. गॅलरीतल्या बाया दारात जमल्या. तिची सून भाताचा चमचा हातात घेऊन उभी. "आई बोलतायत!" असं म्हणाली आणि तिथेच बसली.

मुलाने ते तिच्या मोबाईलवर घालून दिलं, गोल स्पीकरला जोडून. पुढच्या फायलींत ती परत आली नाही. तेवढंच मिळालं. एवढ्या मोठ्या आवाजातून तेवढंच. त्यात गाणं नाही, तिच्या आईची एक ओळ नाही. ती गाणी आता कुणालाच येत नाहीत, तिला येतात, पण ती ऐकवू शकत नाही. ओठ हलवते, ताल धरते हाताने, मला शब्द पुरे लागत नाहीत. ह्याचा राग माझा गेलेला नाही आणि जाऊही नये असं मला वाटतं. लोक म्हणतात, जे मिळालं त्यात समाधान माना. तुमच्या घरचं काही जाऊ द्या, मग मला शिकवा.

आता आमच्याकडे तीन कॉप्या आहेत. एक मंडळात. एक तिच्या खोलीत, मसाल्याच्या बरणीशेजारी, फळीवर, जिथे ती कुणाला ओला हात लावू देत नाही. एक तिच्या पुतण्याकडे गावी. गणपतीला चाकरमानी जातात तेव्हा नवी डिस्क जाते आणि जुनी परत येते. आणि कॉपी झाल्यावर नुसतं ओके दाबून उठायचं नाही. डोळे मिटून कुठल्याही फायलीवर बोट ठेवायचं, आणि ती बाई खरंच बोलते का ते ऐकायचं. बोलली तर बॅकअप आहे. नाही तर नाही.

यंदा खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी कार्यवाह चाळीत आले. झब्बा इस्त्रीचा, हातात तीच पिशवी. मी तिच्याकडेच बसले होते. ते दारात चपला काढत म्हणाले, "नमस्कार. बसत नाही, घाईत आहे. उद्या पूजा आहे, तर ती डिस्क न्यायला आलो. सगळं एकत्र पूजलं की बरं वाटतं. संध्याकाळी आणून देतो."

मला वाटलं मी ऐकण्यात चुकले. मी म्हटलं, "काय न्यायला?"

"डिस्क. कलश यंदा खाली ठेवणार आहोत, ताई. मी स्वतः सांगितलंय."

मी उठतच होते. पण तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हणजे तू बस. कार्यवाहांना फळीवर डिस्क दिसली होती. ते आत आले आणि त्यांनी हात वर केला.

तिने मोबाईल उचलला आणि बोट दाबलं.

"हात लाव नको! हात लाव नको म्हणतंय तुका!"

त्यांचा हात तिथेच राहिला. तोंड तिच्याकडे वळलं, ती ओठ मिटून शांत बसलेली, आणि आवाज खोलीभर. "ओल्या हातान मसाल्याक हात घालतंस? आवशीन शिकवल्यान नाय काय तुका?" गॅलरीत कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळ्याच. स्पीकरमधून त्यांचाच आवाज आला, "अहो, नाही, मी फक्त वास..." आणि त्यांनी तो ओळखला. कान लाल झाले.

"बरं, राहू दे," म्हणाले. "फूल इथेच वाहा."

"वाहू," मी म्हटलं. "कोरडं."

त्यांनी चपला घातल्या, पिशवी घडी करून काखेत घेतली आणि जिन्याकडे गेले. तिने आवाज वाढवला आणि परत दाबलं. ते दुसऱ्या मजल्यावर पोचले असतील, तरी तिने परत दाबलं. तळमजल्यावर नळावर पाणी भरणारी बाई वर बघून ओरडली, "काय गो, कोणाक गाळी घालतंस?" आणि मग थबकली, आणि तोंडावर हात ठेवून तशीच वर बघत राहिली.